खात्री केली का? जत भागातल्या अफवा-फोनच्या कामाच्या नोंदी

१२ जून २०२५

काल कारहुणवी झाली, बैलं सजवून मिरवून झाली, त्यामुळं आज गावं जरा निवांत होती म्हणून अफवेवरनं होणारी मारहाण कशी थांबवायची ते ठरवायला सहा गावांतली सोळा माणसं एका जागी आली. देवळाच्या मंडपात तीन तास बसलो. मी हे सगळं लिहून ठेवणार आहे कारण सहा महिन्यांनी आपण नेमकं कशासाठी सुरू केलं तेच विसरायला होतं.

कशासाठी, तर लवंगा. आपल्याच तालुक्यातलं गाव. १३ सप्टेंबर २०२२ ला उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडनं पंढरपूरला निघाले होते, एका पोराला रस्ता विचारला आणि पोरं पळवणारी टोळी म्हणून लोकांनी त्यांना काठ्यांनी मारलं. ते वाचले. त्याच्या चार वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जण वाचले नाहीत. आठवडी बाजाराचा दिवस, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागून जगणारी, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारली. आणि त्यातली बहुतेक होती मंगळवेढा तालुक्यातली, म्हणजे आमच्या शिवेला लागून. इथल्या कितीतरी दारांत ह्या समाजाची माणसं वर्षानुवर्षं येतात, आम्ही त्यांना सुपात जोंधळे घालतो.

बैठकीत एकच गणित मांडलं. आमचं सगळ्यात लांबचं गाव पोलीस ठाण्यापासनं तीस किलोमीटर. गाडी लगेच निघाली तरी पाऊण तास. तो पाऊण तास गावाचाच असतो. तो कुणाच्या हातात असणार एवढाच आमच्या कामाचा विषय, बाकी काही नाही.

१९ जून

दोघातिघांचं म्हणणं होतं की नवीन अ‍ॅप करूया. मी नको म्हणलं. इथं निम्म्या बायकांकडं साधा बटणाचा फोन आहे आणि पावसात नेट जातं.

आधीपासनं काय आहे ते बघितलं. ग्रामसुरक्षा यंत्रणा खूप गावांना माहितेय, एका नंबरवर फोन करून आपला निरोप आपल्याच आवाजात सांगायचा, तो त्याच क्षणी गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनवर कॉल म्हणून जातो. चोरी, आग, बिबट्या, पूर, ह्यासाठी एकदम चांगली सोय आहे. पण आमच्या कामाला तीच गोष्ट उलटी पडू शकते. "पोरं पळवणारे आलेत" असा निरोप एका घाबरलेल्या माणसानं टाकला तर दोन मिनिटांत सगळं गाव काठ्या घेऊन चौकात. चोर आला तर माणसं गोळा व्हायला पाहिजेत, अफवा आली तर माणसं गोळाच व्हायला नकोत. हे एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

असलं काम आधी कुणी केलंय का शोधलं तर केनियातलं सापडलं. ताना नदीच्या खोऱ्यात पोकोमो शेतकरी आणि ओर्मा गुराखी ह्यांच्यात २०१२-१३ ला इतकी कापाकापी झाली की दीडशेच्या वर माणसं गेली. रानात जनावरं घुसली म्हणून पेटणारं भांडण आम्हा जतकरांना वेगळं समजवायला नको. तिथं सेंटिनेल प्रोजेक्ट म्हणून कॅनडातली संस्था आहे, त्यांनी गावकऱ्यांना धरून अफवांचा फोन चालू केला. लोक एसएमएस नाहीतर फोन करून सांगणार की आम्ही असं असं ऐकलं, गावोगावचे नेमलेले लोक जाऊन खरं काय ते बघणार, मग उत्तर परत त्याच लोकांकडं. नाव ठेवलं उना हाकिका, म्हणजे स्वाहिली भाषेत "तुला खात्री आहे का?"

हे वाचून दाखवलं तर आमच्यातल्या एक अक्का म्हणाल्या, मग आपलं पण तेच, खात्री केली का. आणि त्यात एक मोठा फायदा निघाला, कन्नडमध्ये पण खात्रीला खात्रीच म्हणतात, पलीकडं कर्नाटकात रोजगार हमीला उद्योग खात्री म्हणतात. पूर्वेकडच्या आमच्या तीन गावांत घरात कन्नडच बोलतात. नाव दोन्हीकडं एकच चालणार, भाषांतराची गरजच नाही.

२ जुलै

एसएमएसचा विचार आज कायमचा सोडला. मराठीतला मेसेज सत्तर अक्षरांचा, त्याच्या पुढं गेलं की दोन मेसेजचे पैसे. आणि एकगठ्ठा मेसेज पाठवायचा तर मजकूर डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या मेसेज-नोंदणीवर, आधी नोंदवून मंजूर करून घ्यायला लागतो, मध्ये थोडी मोकळी जागा सोडता येते पण नवीन अफवेला नवीन वाक्य ऐनवेळी कुठनं मंजूर करणार. नियम चुकीचा नाही, फसवणुकीचे मेसेज थांबवायला तो पाहिजेच, फक्त आमच्या वेळेच्या हिशोबात बसत नाही. आणि वाचता न येणाऱ्यांचं काय हा प्रश्न राहतोच.

मग आवाज. मिस्ड कॉल द्यायचा, सिस्टीम परत फोन करणार, आधी भाषा विचारणार, मग एक दाबा म्हणजे ऐकलेलं सांगा, दोन दाबा म्हणजे तुमच्या गावाचा आजचा निरोप ऐका. एवढंच. तिसरं बटण ठेवलंच नाही.

५ जुलै

परत येणारा फोन कुणी उचलतच नाही. अनोळखी नंबर, त्यात दोघाचौघांनी स्पॅम म्हणून टाकला की सगळ्यांना लाल रंगात दिसायला लागतो. उपाय एकच, प्रत्येकाच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून द्यायचा. व्हॉट्सअपच्या ब्रॉडकास्टलाही तेच लागतं, समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केला नसेल तर मेसेज पोचतच नाही. आता घरोघर फिरणं आलं. मला वाटतं हे बरंच झालं, फोन सेव्ह करायच्या निमित्तानं बसणं होतं, चहा होतो, आणि माणूस विचारतो की हे कशासाठी.

११ जुलै

निरोप कुणाच्या आवाजात जाणार ह्यावर आज सगळ्यात जास्त वेळ गेला. सरपंचाचा आवाज नको असं सहाही गावांनी वेगवेगळं सांगितलं, कारण दुसऱ्या पार्टीचे लोक तो ऐकून मुद्दाम उलटं बोलणार. पोलीस पाटलाचा आवाज चालेल पण एकट्याचा नको. शेवटी लोकांनाच विचारलं, रात्री नऊला तुमच्या घरी येऊन कुणी सांगितलं की काही झालेलं नाही, झोपा, तर तुम्ही कुणाचं ऐकाल? उत्तरं भारी आली. अंगणवाडीच्या ताई, कारण पोरांचं त्यांनाच ठाऊक. डेअरीवर दूध मोजून घेणारे मामा, कारण सकाळ-संध्याकाळ सगळं गाव त्यांच्यापुढनं जातं. एका गावात दर्ग्याचे मुजावर. एका गावात शिंपीणबाई, का विचारलं तर म्हणाले, त्या कुणाची चुगली करत नाहीत.

प्रत्येक गावात असे तीन आवाज ठरले. निरोप सुटायचा तर तिघांतल्या दोघांनी आपापल्या फोनवरनं हो म्हणायचं, मगच.

ग्रामपंचायतीच्या भोंग्याचाही विषय निघाला. आपल्या जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावला संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात, २०२२ पासनं त्याची चर्चा आहे. तिथं ते चालतं कारण ठराव गावानं स्वतः केलाय आणि भोंग्याचा अर्थ सगळ्यांना एकच माहितेय. आमच्याकडं मात्र भोंगा म्हणजे धोका असंच डोक्यात बसलेलं आहे, तो वाजला की लोक बाहेर येणार. म्हणून भोंगा नको, देवळाचा स्पीकर ठेवू, त्यावर फक्त ओळखीचा माणूस बोलणार, सायरन नाही.

२५ जुलै

पोरांची बैठक, सोळा ते पंचविशीतली, बत्तीस जण, शाळेच्या खोलीत. भाषण दिलं नाही. एक क्लिप दाखवली जी ह्यातल्या बऱ्याच जणांनी मोठ्या भावाच्या फोनवर कधीतरी बघितली होती, मोटारसायकलवरचे दोघं येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलतात आणि पळतात. २०१८ ला हीच क्लिप देशभर फिरली आणि लोकांचे जीव गेले. मग अख्खी फिल्म लावली. ती पाकिस्तानातली, कराचीतल्या एका संस्थेनं २०१६ मध्ये पोरांच्या सुरक्षिततेसाठी काढलेली जाहिरात आहे. पूर्ण फिल्ममध्ये ते दोघं परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि हातात पाटी धरतात, कराचीच्या रस्त्यावरनं पोर पळवायला एक क्षण पुरतो अशा अर्थाची. शेवटचे काही सेकंद कुणीतरी कापले, एवढंच केलं.

खोलीत कोण बोलेना. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, मॅडम मी पण पाठवली होती, सातवीत होतो. मी काय बोलले नाही, त्याच्याशेजारी जाऊन बसले.

नंतर फॉरवर्डच्या दोन बाणांबद्दल बोललो. राईनपाड्याच्या महिन्यातच, जुलै २०१८ ला, व्हॉट्सअपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं, आणि एप्रिल २०२० पासनं खूप फिरलेला मेसेज एकावेळी एकाच ठिकाणी पुढं जातो. दोन बाण दिसले म्हणजे हा मेसेज कुणाच्या तरी काकानं बघितलेला नाही, तो लांबनं फिरत आलाय. पण पोरांनीच सांगितलं की फॉरवर्ड न करता सेव्ह करून परत नवीन म्हणून टाकला की बाण जातात. बरोबर आहे. म्हणून बाणाच्या भरवशावर राहायचं नाही, विचारायचं की हे गाव कुठलं, दिवस कुठला, पोराचं नाव काय. नाव सांगता येत नसेल तर पोर हरवलेलंच नाही.

कायद्याचं एवढंच सांगितलं की १ जुलै २०२४ पासनं भारतीय न्याय संहिता आहे, कलम १०३ च्या दुसऱ्या भागात पाच किंवा जास्त लोकांनी मिळून जात, भाषा, जन्मठिकाण असल्या कारणावरनं खून केला तर त्या प्रत्येकाला जन्मठेप नाहीतर फाशी. प्रत्येकाला, हा शब्द दोनदा सांगितला.

१४ ऑगस्ट

पहिला खरा फोन. पांढरी व्हॅन शाळेजवळ दोनदा फिरली. डेअरीचे मामा सायकलवरनं गेले, व्हॅन चष्म्याच्या शिबिराची होती, जागा शोधत होती. निरोप सोडलाच नाही, फक्त फोन करणाऱ्या बाईंना मामांनी परत फोन करून सांगितलं. जे दोनच माणसांना माहीत आहे ते सहाशे फोनवर "खोटं आहे" म्हणून सांगितलं तर उलट सहाशे लोकांना ते कळणार. पसरलेलं असेल तेवढंच पुसायचं.

३१ ऑगस्ट

आज जे झालं त्यानं कामाची दिशाच बदलली म्हणून सविस्तर लिहिते.

एका गावाच्या कमिटीनं चांगल्या मनानं सुचवलं की गावात येणारे सगळे फिरस्ते, नंदीवाले, गोसावी, भंगारवाले, चादरीवाले, ह्यांचा फोटो आणि आधार घेऊन आपल्या सिस्टीममध्ये टाकू, म्हणजे लोकांना खात्री राहील. करायला सोपं होतं, मी फॉर्म तयार पण केला होता. पण ठरलं की आधी त्यांनाच विचारू, आणि आज विमुक्त दिन, त्या निमित्तानं वस्तीवर कार्यक्रम होता तिथं गेलो.

कैकाडी समाजाचे एक सत्तरीचे आण्णा बसले होते, टोपलीचा बूड विणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात न थांबवता म्हणाले, "बाई, माझा आजा सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या आत होता. रोज हजेरी. गावाला जायचं तर चिठ्ठी. १८७१ चा तो गुन्हेगार जमातींचा कायदा, आमाला तारांतनं सोडलं १९५२ ला, ३१ ऑगस्टला, म्हणून तर आज हितं हार घातलाय. आता तुमी परत हजेरी लावणार, फक्त वही फोनात." मग जरा थांबले आणि म्हणाले, "आणि तुमचा नंबर गावासाठी. मार खाणाऱ्यानं कुणाला फोन लावायचा?"

मला उत्तर देता आलं नाही. अडीच महिने आम्ही घाबरलेल्या गावासाठीच सगळं बांधत होतो. ज्याच्यासाठी बांधायला पाहिजे त्याला नंबरच दिलेला नव्हता.

रात्री फॉर्म डिलीट केला.

१६ सप्टेंबर

दोन आठवडे वस्तीवरच्या लोकांबरोबर बसून जे ठरलं ते असं. सिस्टीममध्ये तिसरं बटण. फिरस्त्यानं गावात शिरायच्या आधी पाहिजे तर, सक्ती नाही, स्वतःच्या आवाजात सांगायचं की आम्ही कोण आणि कुठं उतरणार. दोन दाबून गावाचा निरोप ऐकणाऱ्याला ते ऐकू जातं. फोटो नाही, आधार नाही, आडनाव नाही, तीन दिवसांनी रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. आणि त्याच नंबरवर अडचणीत मिस्ड कॉल दिला तर सिस्टीम रांगेत न ठेवता सरळ त्या गावच्या तिन्ही आवाजांना फोन जोडते. शिवाय कार्डावर मोठ्या आकड्यात ११२.

पहिलं रेकॉर्डिंग एका नंदीवाल्या मामांचं. मी म्हणलं साधं बोला, तर त्यांनी आधी गुबूगुबू वाजवलं आणि मग सांगितलं, "राम राम, आमी तिघं जण आन् एक बैल, मारुतीच्या देवळामागं उतरलोय, परवा जाणार." त्या गावात दोन दाबून हे ऐकणारे इतके झाले की मला वाटलं काहीतरी बिघडलं. लोक पोरांना ऐकवत होते.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

रात्री साडेअकरा. आत्ताच घरी आले.

संध्याकाळी सहा चाळीसला पूर्वेकडच्या एका गावात पाच वर्षांचं पोर सापडेना. हे खरं होतं, अफवा नव्हती, आणि त्यामुळंच जास्त अवघड. त्याच वेळेला चादरी विकणारं एक नवरा-बायकोचं जोडपं मोटारसायकलवरनं गल्लीतनं गेलं होतं, परराज्यातलं, मोडकं हिंदी बोलणारं. दहा मिनिटांत कुणीतरी गाडीचा फोटो ग्रुपवर टाकला.

मिस्ड कॉल लगेच आला, गल्लीतल्याच एका मुलीनं दिला. अंगणवाडीच्या ताईंना फोन जोडला गेला. पण निरोप सोडायला दुसऱ्याचं हो पाहिजे होतं, आणि दुसरे दोघंही रानात, रात्रीची लाइट होती म्हणून मोटारीवर, रेंज नाही. अकरा मिनिटं गेली. नियम मीच लिहिलेला आणि त्या अकरा मिनिटांत चादरीवाल्याला दोन मुस्काटात बसल्या, गठ्ठा ओढून गटारात टाकला.

ताई निरोपाची वाट न बघता पळत गेल्या. चौकात जाऊन त्या भांडल्या नाहीत. त्या बाईचा हात धरला, "चल माझ्या घरी पाणी पी" म्हणून दोघांना घेऊन आपल्या पडवीत बसवलं आणि उंबऱ्यात खुर्ची टाकून स्वतः बसल्या. बाहेर पन्नास-साठ माणसं. ताई एकच बोलत राहिल्या, "आधी पोर शोधा. कोण कोण शोधायला गेलंय सांगा. गोठे बघितले का? विहीर बघितली का?" निम्मे लोक शोधायला पांगले. मला वाटतं तिथंच वाचलं.

पोर सापडलं आपल्याच चुलत्याच्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांमागं झोपलेलं, हातात फटाक्याची टिकली. सहा अठ्ठावन्नला निरोप सुटला, तोवर डेअरीचे मामा रेंजमध्ये आले होते. आवाज आमच्या तिघांपैकी कुणाचा नव्हता, त्या पोराच्या आईचा होता, धाप लागलेली, कन्नडमध्ये, "नम हुडुग सिक्कान". आमचा पोरगा सापडला. ते चार सेकंद दीडशे फोनवर वाजले आणि ताईंच्या दारातनं माणसं खाली मान घालून निघून गेली.

पोलीस सव्वासातला आले.

२० ऑक्टोबर

आज गेले ते चादरीवाल्या जोडप्याला भेटायला, जतला एका खोलीवर राहतात. गावातल्या लोकांनी गटारातल्या चादरींचे पैसे गोळा करून दिलेत आणि लोकांचं म्हणणं की आता मिटवूया, दिवाळी आहे. मी गावाला म्हणलं की मिटवायचं का नाही हे मार खाल्लेला ठरवणार, आपण नाही, आणि ते त्याला एकट्याला विचारायचं, पन्नास जणांसमोर नाही. त्याला तक्रार कशी देतात, कुठं देतात, सोबत कोण येईल ते सगळं सांगितलं. तो म्हणाला विचार करून सांगतो. त्याची बायको काही बोलली नाही, ती चादरी धुऊन वाळत घालत होती, एकीवर गटाराचा काळा डाग तसाच होता आणि ती तिथंच परत परत साबण लावत होती.

फोटो टाकणाऱ्या पोराला पण भेटले. जुलैच्या बैठकीला तो होता. म्हणाला, क्लिप असती तर टाकली नसती, पण पोर खरंच हरवलं होतं ना. हे मी नीट लिहून ठेवतेय कारण आमच्या शिकवण्यातली चूक इथं आहे. आम्ही खोटी बातमी ओळखायला शिकवलं. खऱ्या बातमीत परक्या माणसाला घुसवू नका हे शिकवलंच नाही.

२७ ऑक्टोबर

चादरीवाल्यानं तक्रार दिली. ताई सोबत गेल्या.

सिस्टीममध्ये बदल केले. पोर हरवल्याचा फोन असेल तर एकाच आवाजाचं हो पुरे, पण निरोप फक्त शोधण्याचा, "अमक्या गल्लीतलं पोर सापडेना, आपापले गोठे, गच्च्या, विहिरी बघा, चौकात जमू नका." कुणा माणसाचं, गाडीचं वर्णन त्यात येणारच नाही, ते पोलिसांना सांगायचं. शिवाय प्रत्येक गावात चौथा आवाज वाढवला, संध्याकाळी रानात न जाणारा. सहापैकी तीन गावांत हा चौथा आवाज बाईचाच आहे.

४ नोव्हेंबर

ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. आमच्या सहा गावांतनं पण ट्रॅक्टर भरून माणसं कारखान्यांवर चाललीत, काही कोल्हापूरकडं, काही पलीकडं कर्नाटकात. इथं जी माणसं चौकात उभी होती त्यातलीच काही, आता चार महिने दुसऱ्याच्या गावाबाहेर पालात राहणार, तिथल्या लोकांना अनोळखी, मोडकं बोलणारी.

एक मुकादम सकाळी घरी आले, चाळीस कार्डं मागून घेतली. म्हणाले, "तिकडं काय झालं तर हा नंबर लागतो का?" मला खात्रीनं सांगता येईना. मग त्यांच्या टोळीतली एक पोरगी पुढच्या ट्रॅक्टरनं अथणीला पोचणार होती, तिला सांगितलं की उतरल्यावर एक मिस्ड कॉल दे.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आला. परतीचा कॉल गेला, तिनं उचलला, आधी कन्नड वाजलं, मग मराठी. तिनं तिसरं बटण दाबलं आणि बोलली, "आमी अठरा जण, सात पोरं, कारखान्याच्या मागच्या माळावर उतरलोय." ऐकणारं गाव अजून जोडलेलं नाही तिथं. उद्या सकाळी अथणीची बस धरायची आहे.